आधी कोणाला सुचलं

८ फेब्रुवारी १९५९, क्रेफेल्ड

ह्यांनी आज बजावून सांगितलं, ह्या प्रकरणाबद्दल कोणापाशी चकार शब्द काढायचा नाही. घरमालकीण फ्राऊ पेशपाशी नाही, दूधवाल्यापाशी नाही, आणि पत्रातून इचलकरंजीला बाबांपाशी तर मुळीच नाही. बरं. बोलायचं नाही तर लिहीन. लिहायला कोणाची बंदी नाही.

तर झालं असं. हे होल्टकांपच्या कारखान्यात शिकाऊ इंजिनियर आहेत. तिथे सूत गुंडाळायची यंत्रं बनतात. रिळावरचं सूत संपत आलं की धागा ताणतो आणि तटकन तुटतो, ही सगळ्या जगाची रड. गेल्याच्या गेल्या नाताळाच्या सुमारास ह्यांनी त्यावर एक छोटासा लगाम बनवला. दोन पोलादी चकत्या, त्यांच्यामधून धागा, बाजूला एक लवचिक पट्टी. धागा जास्त ओढू लागला की तो स्वतःच पट्टीला ढकलतो, चकत्या किंचित सैल होतात आणि धागा वाचतो. हे मोठ्या हौसेनं तो लगाम आपल्या साहेबाकडे, ओबरइंजिनियर ब्रिंकमानकडे घेऊन गेले. साहेबानं उलटासुलटा करून पाहिला, "छान खेळणं आहे" म्हणाला आणि टेबलाच्या खणात टाकला.

काल कळलं, त्या खेळण्यावर कारखान्यानं म्युनिकच्या पेटंट कचेरीत अर्ज केला आहे, आणि संशोधक म्हणून नाव आहे ब्रिंकमानचं.

ह्यांना झोप नाही. मला लागली, कारण मी ब्रिंकमानला मनातल्या मनात इचलकरंजीच्या अस्सल शिव्या घालून मोकळी झाले होते. हे तेही करत नाहीत. नुसते छताकडे बघतात.

२१ फेब्रुवारी

ड्युसेलडोर्फला गेलो होतो, पेटंटचे वकील फोगलसांग ह्यांच्याकडे. म्हातारे आहेत, हळू बोलतात, प्रत्येक वाक्याआधी "आल्झो" म्हणून घसा साफ करतात. हरकत घ्यायला तीन महिने मिळतात म्हणे, त्यातला एक जवळजवळ गेलाच.

"आल्झो, हेर तारळेकर," ते म्हणाले, "तुम्हाला आधी सुचलं असं तुम्ही म्हणता. ब्रिंकमान म्हणतात त्यांना नोव्हेंबर सत्तावन्नमध्ये सुचलं, आणि कारखान्याचा मिस्त्री सांगेल की त्याच महिन्यात त्यानं त्यांच्या सांगण्यावरून नमुना केला. तुमचा पोलादी लगाम डिसेंबरचा."

"पण डोक्यात ऑक्टोबरपासून होतं," हे म्हणाले.

"डोक्यात काय होतं ते कचेरीला दिसत नाही. ज्याचा दावा त्याच्याच तोंडची गोष्ट कोणी धरत नाही. दुसऱ्या कोणी डोळ्यांनी पाहिलं पाहिजे, आणि नोव्हेंबरच्या आधी. कोणी पाहिलं?"

हे माझ्याकडे बघू लागले. मी म्हणाले, "मी पाहिलं."

फोगलसांगसाहेबांनी सुस्कारा सोडला. म्हणाले, पत्नीची साक्ष चालते, पण वजनाला हलकी धरतात. पत्नीचा नवऱ्यावर विश्वास असतोच.

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?" मी विचारलं.

म्हातारा हसला. हे नाही हसले. मग वकिलांनी विचारलं की आणखी कोणी घरी येत-जात होतं का. मी सांगणार होते की फ्राऊ पेशनं निदान माझा तो बटणांचा खेळ तरी पाहिला होता. पण ह्यांनी टेबलाखालून माझा पाय दाबला. बरोबरच आहे. वकिलासमोर काय बटणं काढून बसायचं.

१ मार्च

रविवार. बाहेर गारठा. बटणांचं लिहायचं राहिलं आहे ते लिहिते, म्हणजे डोक्यातून जाईल.

आम्ही कोष्टी. आमच्याकडे पुरुष मागावर बसतो आणि बाई रहाटावर सूत गुंडाळून त्याच्या कांड्या भरते. माझी आई आयुष्यभर कांड्या भरत आली, आजी भरत आली, मी सातव्या वर्षापासून भरते. कोणी विचारलं की घरात विणकर किती, तर बाबा म्हणायचे, दोन, मी आणि माझा भाऊ. आम्ही चौघी बायका पोटमाळ्यावर रहाट फिरवत असायचो, त्या मोजणीत नव्हतो. त्यात वाईट वाटण्यासारखं काही आहे असं कधी मनातही आलं नाही. स्वयंपाकाला कोणी धंदा म्हणतं का?

मी इथे आले तेव्हा दिवस खायला उठायचा. फ्राऊ पेशचे वडील घरी रेशीम विणायचे. त्यांचा रहाट माळ्यावर धूळ खात होता. तो मी पुसला, तेल दिलं, आणि इथल्या टायच्या कारखान्याचं रेशीम घरी आणून भरायला लागले. अशी कामं करणाऱ्या चार-पाच बायका आहेत गल्लीत. फ्राऊ पेशनं सुरुवातीला नाक मुरडलं, मग शेजारी खुर्ची घेऊन बसू लागली.

रेशीम म्हणजे सुरी. बोटांतून सोडताना सूत ताणलं की बोट आपोआप सैल करायचं, हे आईनं शिकवलं नाही, ते हाताला येतंच. पण एके दिवशी तर्जनी अशी चिरली की धागा धरवेना. माल तर द्यायचा होता. मग मी दोन कोटाची बटणं घेतली, पाठीला पाठ लावून केसांच्या आकड्यात अडकवली, मधून धागा घेतला. धागा ओढला की आकड्याचा पाय वाकायचा आणि बटणं सुटी व्हायची, अगदी बोटासारखी. बोट बरं झालं तरी मी ते काढलं नाही, हाताला आराम होता. गल्लीतल्या बायकांनी पाहिलं आणि आपापले आकडे वाकवून बसल्या. हे तर पहिल्याच संध्याकाळी बघून पोट धरून हसले. म्हणाले, "कुसुम, तुझ्या अंबाड्यातला कारखाना!" मीही हसले.

ह्यांचं यंत्र वेगळं. ते पोलादाचं, मोजून-मापून केलेलं, कागदावर काढलेलं.

५ एप्रिल

होल्टकांपनं निरोप धाडला. हरकत घेऊ नका, जूनपासून कायमची नोकरी, राहायला कारखान्याचं घर, दोन खोल्या आणि न्हाणीघर.

आज जेवताना हे म्हणाले, "न्हाणीघर आहे गं."

"आणि रोज सकाळी त्या ब्रिंकमानला गुटन मॉर्गन म्हणायचं."

"पगार किती वाढेल बघ."

"आणि तो बोलायला लागला की मान डोलवायची. यंत्रावर त्याचं नाव, तेल तुम्ही घालायचं."

"तुला कळत नाही कुसुम. आपण परक्या देशात आहोत. त्यांची माणसं, त्यांची कचेरी, त्यांचा कायदा."

मी ताट सारलं. म्हटलं, "कायदा त्यांचा असला तरी धागा कोणाचा का असेना, सारखाच तुटतो. तुमचं तुम्ही मागायचं नाही, तर मग इतक्या लांब आलो कशाला? खुशाल घ्या न्हाणीघर. मी ह्याच नळावर अंघोळ करीन, आणि तुमच्या साहेबाच्या बायकोला कॉफीला बोलावणार नाही म्हणजे नाही."

हे उठून फिरायला गेले. परत आले तेव्हा नाक लाल झालं होतं. म्हणाले, "उद्या हरकतीवर सही करतो."

मला इतकं बरं वाटलं की मी उरलेला रस्सा परत गरम केला.

१९ एप्रिल

हरकत म्युनिकला गेली. आता वाट पाहायची.

२८ जून

कारखान्यानं ह्यांचा करार वाढवला नाही. कारण दिलं नाही, द्यायची गरजच काय. हे आता कोलोनला एका छोट्या कारखान्यात जातात, पहाटे निघतात. घरी आले की बूटही न काढता बसतात.

आज फ्राऊ पेशला धीर करून विचारलं, साक्षीला याल का? म्हणजे एवढंच सांगायचं की त्या दिवसांत हे घरी रिकाम्या वेळी काहीतरी काढत, जोडत होते. तिनं भांडी घासायची थांबवली.

"फ्राऊ तारळेकर, माझा जावई होल्टकांपमध्ये आहे. दोन लहान पोरं आहेत त्यांना."

"मला माहीत आहे."

"आणि मी तुमच्या मिस्टरांना काही जोडताना पाहिलेलं नाही. मी तुम्हाला पाहिलं."

मी म्हणाले, माझं नाही विचारत. तिनं खांदे उडवले आणि पुन्हा भांडी घासू लागली. खरं सांगायचं तर राग आला. मला पाहिलं म्हणे! मी काय करत होते ते विचारायला म्युनिकहून कोण येणार आहे?

१४ फेब्रुवारी १९६०

म्युनिकची तारीख आली. पुढच्या महिन्यात. फोगलसांगसाहेबांनी ताकीद दिली आहे की साक्षीदाराला पढवायचं नाही, पढवलेलं बोलणं लगेच ओळखू येतं. हे ड्युसेलडोर्फहून परत येताना गाडीतच पढवायला लागले.

"तू म्हणायचंस, ऑक्टोबर सत्तावन्नमध्ये माझ्या पतीनं मला ही कल्पना समजावून सांगितली."

"सांगितली होती का तुम्ही?"

"सांगितली असेन ना. बोलत होतोच आपण."

"काय बोललात?"

हे खिडकीबाहेर बघू लागले. मग म्हणाले, "ते आठवेल. आणि हे बघ, बटणं, आकडे, असलं काही बोलू नकोस. तिथे डॉक्टर पदवीची माणसं बसलेली असतात. हसतील आपल्याला."

मी हो म्हटलं. ह्यांना आपल्या गरिबीची लाज वाटते, दुसरं काय. आता इतक्या लांब जाऊन हसं करून घ्यायचं नाही हेही खरंच. पण एक गोष्ट मनात घोळते आहे. ह्यांनी मला काय सांगितलं ते मला खरंच आठवत नाही. मला फक्त हसणं आठवतं.

१६ मार्च, म्युनिक

आजचं आजच लिहायचं.

मोठी खोली, लांब टेबल, मागे तीन गृहस्थ. मधले अध्यक्ष. एका बाजूला ब्रिंकमान, त्याचा वकील आणि तो मिस्त्री, दुसऱ्या बाजूला आम्ही. माझ्यासाठी दुभाष्या म्हणून विद्यापीठातून एक हिंदीचे जर्मन प्राध्यापक आणले होते. ते मला वाकून म्हणाले, "देवी, आप निःसंकोच निवेदन कीजिए." मी म्हटलं, मला जर्मन येतं. येतं ते फ्राऊ पेशचं, क्रेफेल्डच्या गल्लीतलं. अध्यक्षांना पहिल्या दोन वाक्यांत काही कळलं नाही, मग सवय झाली.

आधी मिस्त्री बोलला. नोव्हेंबर महिना, साहेबांनी सांगितलं, मी केलं. घडाघडा बोलला, कुठे अडखळला नाही. मग मला उभं केलं.

अध्यक्ष म्हणाले, "तुम्ही पत्नी आहात. कायद्यानं तुम्हाला साक्ष न देण्याचा हक्क आहे. तो वापरायचा आहे का?"

"सबंध जर्मनी ओलांडून गप्प बसायला आले नाही," मी म्हणाले.

टेबलामागचा एक जण खाली बघून हसला. ब्रिंकमानचा वकील हसला नाही. त्यानं विचारलं, "फ्राऊ तारळेकर, तुमचं यंत्रांचं शिक्षण किती?"

"मॅट्रिक. आणि कांड्या भरते सातव्या वर्षापासून. तुमच्या साहेबांनी किती भरल्या?"

अध्यक्षांनी हात वर केला. आवाज मऊ होता. म्हणाले, "आपण साधं विचारू. धागा ताणला की आपोआप सैल होतो, अशी वस्तू तुम्ही तुमच्या डोळ्यांनी सर्वांत आधी केव्हा पाहिली?"

मी म्हणाले, डिसेंबरमध्ये, पोलादी.

"त्याआधी?"

हे समोर बसलेले. माझ्याकडे बघत होते, ओठ मिटलेले. पण अध्यक्षांनी आडवळणाचं काही विचारलंच नव्हतं. त्यांनी विचारलं, डोळ्यांनी सर्वांत आधी कधी पाहिलं. आणि मी पाहिलं होतं. तोंडावर आलेलं गिळायचं, ते कोणासाठी? आणि का?

"त्याआधी ऑक्टोबरमध्ये," मी म्हणाले. "आमच्या खोलीत, रहाटावर. दोन बटणं आणि केसांचा आकडा."

वकील मध्येच म्हणाला, "ऑक्टोबर कशावरून? दोन वर्षं उलटून गेली."

"दसऱ्याला आम्ही हत्याराला हात लावत नाही. फूल वाहतो आणि दिवसभर त्याला विश्रांती देतो. त्या दिवशी मी रहाटाला फूल वाहिलं तेव्हा बटणं लावलेली होती. त्या वर्षीचा दसरा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात होता."

"म्हणजे हा सण दर वर्षी वेगळ्या दिवशी येतो?" त्यानं इतरांकडे बघत विचारलं.

"तुमचा ईस्टर तरी कुठे एका जागी थांबतो?"

ह्या वेळी अध्यक्षही हसले. मग त्यांचं हसू गेलं आणि त्यांनी पुढे विचारलं, "ती बटणं कोणी लावली होती?"

"मी."

"पतीनं सांगितल्यावरून?"

"नाही. ते कारखान्यात होते. माझं बोट चिरलं होतं."

"मग पतींना कधी दाखवलंत?"

"संध्याकाळी."

"ते काय म्हणाले?"

"हसले."

फोगलसांगसाहेबांनी चष्मा काढला. आणि तेव्हा, तिथे, सगळ्यांच्या देखत, माझ्या डोक्यात उजेड पडला. मी काय सांगून बसले होते! ह्यांच्यासाठी साक्ष द्यायला आले आणि ह्यांचाच दावा कापून टाकला. आणि त्याच क्षणी, हेही लिहिते, लाज वाटायच्या ऐवजी मान ताठ झाली. माझं आहे ते. अरे, माझं आहे!

ब्रिंकमानचा वकील उभा राहिला होता. "साक्षीदार स्वतःच सांगते की हेर तारळेकर संशोधक नाहीत. मग त्यांच्याकडून काही चोरीला गेलंच नाही. हरकत फेटाळावी." आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "घरातल्या बाईची केसांच्या आकड्याची गोष्ट, तीही नवऱ्याला उपयोगी पडेल म्हणून रचलेली, आणि रचताना चुकलेली."

"रचली असती तर चुकले नसते," मी म्हणाले. मला बसायला सांगितलं. मी बसले नाही.

अध्यक्षांनी ह्यांना विचारलं, "हेर तारळेकर, तुमच्या पत्नीचं म्हणणं तुम्हाला मान्य आहे का? नीट विचार करून सांगा."

फोगलसांगसाहेब कानाशी काही कुजबुजले. ह्यांनी ऐकलं नाही. नुसते उभे राहिले. कोट ढगळ दिसत होता, कोलोनच्या त्या नोकरीनं वाळले आहेत. "नाही" म्हणाले असते तर सगळं सावरलं असतं, बाई गोंधळली म्हटलं की संपलं. मी ह्यांच्या डोळ्यांत बघितलं नाही. बघितलं असतं तर ते माझ्यासाठी बोलले की मी बघत होते म्हणून, हे कधी कळलं नसतं.

"ती सांगते ते खरं आहे," हे म्हणाले. "मी हसलो. दोन महिन्यांनी तेच पोलादात केलं. मध्ये केव्हातरी हसलो होतो हे विसरलो आणि मला ते माझंच वाटू लागलं. हेर ब्रिंकमाननी माझ्याशी जे केलं ते मी घरी आधीच केलं होतं." मग अध्यक्षांकडे वळले. "लिहून घ्या. संशोधक मी नाही. मी साक्षीदार आहे."

१७ मार्च, गाडीत

माइन्झ गेल्यावर हे म्हणाले, "तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"मला तरी कुठे माहीत होतं!"

मग मी रडले. किती तरी वेळ. हे रुमाल शोधत होते आणि त्यांना तो सापडत नव्हता. आईसाठी रडले, आजीसाठी रडले, त्या पोटमाळ्यावरच्या चौघींसाठी रडले ज्यांना बाबांनी कधी विणकर म्हणून मोजलं नाही. त्यांच्या हातातून काय काय निघून गेलं असेल, कोण जाणे. समोरच्या बाकावरच्या बाईनं मला सफरचंद दिलं. मी खाल्लं.

मग मी ह्यांच्यावर रागावले. मनापासून, नावानिशी, "श्यामकांत" म्हणून. लग्नानंतर पहिल्यांदा नाव घेतलं. ह्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. कॉब्लेन्झपर्यंत पुरलं.

३ एप्रिल

फोगलसांगसाहेब म्हणतात, हरकत घ्यायची मुदत संपली, माझ्या नावानं आता नवीन हरकत घेता येत नाही. पेटंट आमच्या हाती लागणार नाही. पण एक वाट उरली आहे. अर्जाच्या आधीच ती वस्तू चारचौघांत उघडपणे वापरात होती, असं बाहेरच्या कोणी सांगितलं, तर ती नवी ठरत नाही आणि पेटंट कोणालाच मिळत नाही. ब्रिंकमानलाही नाही. मी विचारलं, "बाहेरचं म्हणजे कोण?" ते म्हणाले, "आल्झो, जिचं तुमच्याशी नातं नाही आणि जिला काही मिळायचं नाही."

अशी एकच बाई आहे, आणि तिचा जावई होल्टकांपमध्ये आहे. मी तिला पुन्हा विचारणार नाही. दुसऱ्याची भाकरी आपल्या हट्टापायी काढून घ्यायची नाही. गल्लीतल्या बाकीच्या बायका तर दारच उघडत नाहीत, होल्टकांपचं नाव काढलं की.

१० एप्रिल

मी विचारलं नाही. फ्राऊ पेश स्वतःच वर आली, हातात कारखान्याच्या वकिलाच्या उत्तराची प्रत. ती फोगलसांगसाहेबांनी आम्हाला पाठवलेली, खालच्या टेबलावर पडली होती आणि तिनं वाचली. लोकांची पत्रं वाचायची तिची खोड मला माहीत आहे, आज मी काही बोलले नाही.

"इथे लिहिलंय की माझ्या घरात चालता रहाट नव्हताच," ती म्हणाली. कागदावर बोट आपटलं. "माझ्या बापाचा रहाट! ह्याच्यावर त्यानं आम्हा सहा जणांना पोसलं. आणि इथे लिहिलंय मोडकं लाकूड!"

"तुमचा जावई..."

"तो होल्टकांपचं खातो. मी नाही खात." मग खुर्चीत बसली. "आणि ती बटणं माझ्या नवऱ्याच्या, हाइन्झच्या कोटाची होती. मी तो कोट तुम्हाला पायपुसणं करायला दिला होता, बटणांचं मी काही म्हटलं नव्हतं. आठवडाभर बोलले नाही तुमच्याशी, आठवतं?"

मला आठवत होतं. मला वाटलं होतं की मी जिन्यात कचरा केला म्हणून बोलत नाही.

"परत मागायला आले होते," ती म्हणाली. "तुम्ही म्हणालात, जरा बघा तरी. मी बघितलं. हाइन्झच्या बटणांतून रेशीम चाललं होतं आणि तुटत नव्हतं. मग मी खाली गेले. ठेवा म्हटलं."

तिनं रुमाल काढला नाही, डोळे पदरानं पुसावेत तसे एप्रनला पुसले. जावई परवा येऊन पाया पडायचाच बाकी राहिला होता म्हणे. तिनं त्याला दारातूनच सांगितलं, नोकरी गेली तर पोरं माझ्याकडे आणून सोड, पण मला गप्प बसवू नकोस.

२५ मे

फ्राऊ पेश म्युनिकला जाऊन आली. नवी हॅट घालून. मला आत बसू दिलं, पण तोंड उघडायचं नाही ह्या अटीवर. आयुष्यात इतकी कधी घुसमटले नव्हते. तिनं बटणं सांगितली, रहाटावरचं फूल सांगितलं (ती ते कोणा संतासाठी समजली होती), गल्लीतल्या कोणकोणत्या बायकांनी आकडे वाकवले ते नावांनिशी सांगितलं. ब्रिंकमानच्या वकिलानं विचारलं, इतकं नेमकं तुमच्या लक्षात कसं राहिलं? ती म्हणाली, "साहेब, मेलेल्या नवऱ्याचा कोट कोणी उसवला तर ते लक्षात राहतं."

वकिलानं फाइल मिटली.

२६ जून

निकाल आला. अर्ज नामंजूर. होल्टकांपच्या नावावर पेटंट नाही, ब्रिंकमानचं नाव कशावर नाही. कारणांत लिहिलं आहे की ही रचना फ्राऊ कुसुम तारळेकर, क्रेफेल्ड, ह्यांनी अर्जाआधीच उघडपणे वापरली होती.

हे ते वाक्य मोठ्यांदा वाचून दाखवत होते. तीनदा वाचलं. मग म्हणाले, "झालं! जिंकलीस."

मी म्हटलं, काय जिंकले? आता तो लगाम कोणीही बनवील. होल्टकांप बनवील, इटलीत बनवतील, जपानात बनवतील. मला एक फेनिग मिळणार नाही. ब्रिंकमानला मिळाला नाही एवढाच आनंद, आणि तो आहे, चांगला पोटभर आहे, मी नाकारत नाही. पण अशा जिंकण्यावर मी खूष व्हायचं म्हणत असाल तर मला ओळखलंच नाहीत. हे म्हणाले, "नाही, आता ओळखायला लागलोय."

बरं झालं तेवढं तरी.

३ जुलै

मला दुसरं सुचलं आहे. रहाटाचंच, पण अगदी वेगळं. काय ते इथे लिहीत नाही, शहाणी झाले आहे. ह्यांनाही सांगितलेलं नाही. काल दिवसभर मागे लागले होते, निदान कशाबद्दल ते तरी सांग. सांगितलं नाही. हसलेही नाहीत ते, ह्या वेळी.

उद्या सकाळी फ्राऊ पेशला वर बोलावलं आहे. आधी तिला काही सांगायचं नाही. तिनं खुर्चीत बसायचं, नीट बघायचं, आणि कधी, काय, कोणाच्या हातून पाहिलं ते डोक्यात ठेवायचं. तिनं विचारलं, नवी हॅट घालू का? घाला म्हटलं. ते झालं की लगेच माझ्या नावानं पेटंटचा अर्ज जाणार, मग गल्लीतल्या बायकांना कॉफी.

हे म्हणाले, मीही बसतो ना बघायला. मी म्हटलं, तुम्ही घरचे, तुमची साक्ष हलकी धरतात. तुम्ही दाराबाहेर थांबा, आणि हाक मारली की कॉफी घेऊन या.